सहा इंचांचा पुदिना

टेपआत्याने आयुष्यात अंदाजपंचे काही केलेलं कुणाच्या पाहण्यात नाही. चाळीस वर्षं गळ्यात शिवणाची टेप आणि कानामागे खडू. पाहुण्यांसाठी गाजर चिरलं, तरी एक तुकडा उचलून दुसऱ्यावर ठेवावा आणि काठाला काठ लागावा. शेजारणीकडे चहाला गेली, तर चहा राहायचा बाजूला आणि बाई उठून त्यांचे पडदे मापत बसायची. "डावा अर्धा इंच खाली आहे," असं सांगून ती निघून जायची आणि मग त्या घरात आठवडाभर सगळ्यांना तो डावा पडदाच दिसत राहायचा. तिचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, आणि तिलाही त्याची फारशी गरज पडत नव्हती.

अशा बाईच्या डोळ्यांपुढे गेल्या सहा महिन्यांपासून कुणीतरी जुनी मलमल धरल्यासारखं झालं होतं. आधी तिने दिव्याला दोष दिला, मग चष्म्याच्या काचेला, मग दोऱ्याच्या कंपनीला. सुई ओवायला दहा-दहा मिनिटं लागू लागली. शेवटी एका गिऱ्हाइकाचा शर्ट परत आला. डावी बाही उजवीपेक्षा पाऊण इंच आखूड! गिऱ्हाईक बिचारं सभ्य होतं, "माझाच हात लांब असेल," म्हणालं. आत्याने त्याच दिवशी मशीनवर चादर टाकली आणि विचारेल त्याला सांगायला सुरुवात केली, की मशीन बिघडलंय, मेकॅनिक गावाला गेलाय. तो मेकॅनिक गेले दोन महिने गावालाच होता. मोतीबिंदू हा शब्द तिला ठाऊक होता, ऑपरेशन हा शब्दही ठाऊक होता. पण हे दोन शब्द शेजारीशेजारी आले की तिच्या हातापायांना घाम फुटायचा, म्हणून तिने ते कधी एकत्र येऊच दिले नाहीत.

आणि नेमकी तेव्हाच तिची भाची आली, धापा टाकत, दोन जिने एका दमात चढून.

ही भाची म्हणजे चिमी. थोरल्या भावाची मुलगी, हॉटेलांच्या भटारखान्यात सात वर्षं राबलेली, आणि आता स्वतःचं सूपचं दुकान काढणारी. आठ टेबलं, एक ओव्हन, दोन मोठी पातेली. जागा झाली होती, रंग झाला होता, उघडायची तारीख पंचवीस दिवसांवर आली होती.

"आत्या, मला चार एप्रन शिवून दे. विकतचे नकोत. तुझ्या हातचेच हवेत."

आत्याने मशीनवरची चादर उगाच सारखी केली. या पोरीचं बाळंतविड्याचं झबलं तिने शिवलं होतं, शाळेचे फ्रॉक शिवले होते, पहिल्या नोकरीचा पांढरा कोटसुद्धा तिनेच. आणि आता चार एप्रन, ज्यात ना बाही, ना कॉलर!

"अगं, पण मशीन..."

"अजून गावालाच का तो?"

"त्याच्या सासऱ्याचं काहीतरी निघालंय," आत्या म्हणाली. मेकॅनिकला सासरा तिनेच त्या क्षणी दिला होता.

चिमी "बरं" म्हणाली, पण तिचा चेहरा एवढासा झाला. तो काही आत्याला बघवेना. धूसर दिसत असलं तरी एवढं दिसत होतंच. आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं.

"एप्रन राहू दे. तुझ्या टेबलांवर काय ठेवणारेस?"

"काही नाही. मीठ-मिरपूड. नर्सरीवाला एका रोपाला जे मागतो, तेवढ्यात मी पोतंभर बटाटे आणीन."

"मग आठ टेबलांना आठ रोपं मी देते. पुदिना आणि बेझिल, ती विलायती तुळस. माणसाने आपल्या हाताने पान खुडायचं आणि सूपात टाकायचं. सगळं घरी करीन, एका जुडीच्या पैशांत."

"तू?" चिमीने घरभर नजर फिरवली. या घरात हिरवं असं एकच होतं, ते म्हणजे दोऱ्याचं रीळ.

"शब्द दिला," आत्या म्हणाली, आणि भाची गळ्यात पडली.

आता हे आत्याच्या डोक्यात आलं कुठून? ब्लाउजचे, शर्टाचे कागदी नमुने ती जुन्या वर्तमानपत्रांवर कापायची. त्यातल्या एका बाहीवर ठळक अक्षरांत मथळा होता: 'सहा इंचांची फांदी, घरच्या घरी रोप!' खाली मजकूर होता, पण अक्षरं मुंग्यांएवढी. आत्याने कागद नाकाशी नेला, हातभर लांब धरला, खिडकीत नेला. मुंग्या मुंग्याच राहिल्या. मग तिने स्वतःची समजूत घातली. मुख्य गोष्ट मथळ्यातच असते, खाली नुसता फापटपसारा. सहा इंच म्हटल्यावर तिला आणखी कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

बाजारातून तिने पुदिन्याच्या आणि बेझिलच्या चांगल्या टवटवीत जुड्या आणल्या. हौसेने रोझमेरीची, त्या सुईसारख्या पानांच्या विलायती झुडपाची, एक काडीही मागून घेतली. कापायच्या टेबलावर काड्या ओळीने मांडल्या, टेप लावली, खडूने खूण केली आणि शिवणाच्या मोठ्या कात्रीने कराकरा कापल्या. चोवीस काड्या, एकूणएक सहा इंच. जॅमच्या आठ बाटल्यांत तीन-तीन घातल्या, पाणी प्रत्येकीत बरोबर एक इंच. पानं खालपासून वरपर्यंत होती तशी. बाटल्या खिडकीत रांगेने ठेवल्या, तेव्हा त्या अगदी शाळेच्या कवायतीला उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. आत्याचा ऊर भरून आला.

चौथ्या दिवशी खोलीत वास यायला लागला. आत्याने आधी खालच्या मजल्यावरच्या मासळीला दोष दिला. सातव्या दिवशी शेजारीण नाकाला पदर लावून आली आणि म्हणाली, "आत्या, काही मेलंय का हो इथे?"

बाटल्यांतलं पाणी काळं झालं होतं, पाण्यात बुडालेली पानं लिबलिबीत झाली होती. काड्यांची टोकं बोटाला लागताच साल सोडत होती. मुळाचं नाव नाही. रोझमेरीची काडी तेवढी ताठ उभी होती, पण तिच्याही मनात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. आत्या स्टुलावर बसली आणि तिला रडूच आलं. नासल्या काड्यांचं दुःख कितीसं असणार? चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या मापाने तिला तोंडघशी पाडलं होतं. मशीन गेलं, कात्री गेली, आता एक शब्द तेवढा उरला होता, तोही चाललाच होता. आणि अठरा दिवस उरले होते.

पण ही बाई रडली तरी किती वेळ? फार तर चहाला उकळी फुटेपर्यंत. तिने सगळ्यात वाईट दिसणाऱ्या चार काड्या कागदात गुंडाळल्या आणि जिच्याकडून जुडी घेतली होती, तिच्यापुढे नेऊन टाकल्या.

"तुझा पुदिना नासका निघाला."

भाजीवालीने पुडी उघडली. एक काडी उचलली, दुसरी तिच्याशेजारी धरली, मग तिसरी. आणि ती अशी हसली, की शेजारचा कांदेवाला वजन करता करता थांबला.

"अहो ताई, हा पुदिना कापलाय की पायजमा? सगळे एका मापाचे! एवढं सरळ तर मी भेंडीसुद्धा कापत नाही."

"सहा इंच लिहिलं होतं," आत्या फणकाऱ्याने म्हणाली.

"पुढचं नाही वाचलं?"

आत्याने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. भाजीवालीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, पुढच्या प्रश्नाच्या नादी लागली नाही, आणि नवी जुडी सोडून एक काडी आत्याच्या हातात दिली.

"टेप ठेवा पिशवीत. आता बोट फिरवा काडीवरून, वरून खाली. लागली गाठ? तिथून पानं फुटतात ना, ते पेर. मूळ फुटतं ते तिथून. त्याच्या खाली लगेच कापायचं, मग काडी चार इंच भरो नाहीतर सात. खालची पानं खुडून टाकायची, पाण्यात एक पान नको. पाणी एक दिवसाआड बदलायचं. आणि ते कात्रीचं खटलं नको, धारदार सुरी घ्या, नाहीतर काडी चेंगरते."

"आणि पेर नीट दिसलं नाही तर?" आत्याने विचारलं. विचारून गेल्यावर तिने जीभ चावली.

"दिसायला कशाला हवं?" भाजीवाली म्हणाली. "आमच्याकडे माल येतो तेव्हा उजाडलेलं नसतं. मी सगळं बोटांनीच निवडते. तुमची बोटं तर माझ्याहून हुशार असतील."

पुदिन्याच्या आणि बेझिलच्या नव्या जुड्या घेऊन आत्या घरी आली ती जवळजवळ पळतच. सुरी धुतली, जुड्या सोडल्या, आणि पहिल्यांदा टेप गळ्यातून काढून खुंटीला लावली. मान हलकी हलकी वाटायला लागली, कुणीतरी आपल्याला न्हाव्याकडून आणल्यासारखी. मग तिने डोळे मिटले. बोट काडीवरून सरकलं, गुळगुळीत, गुळगुळीत, आणि टच! गाठ. हे तर तिला ठाऊकच होतं! कापड उलटं धरून आतली शिवण अशीच तर ती आयुष्यभर चाचपत आली होती. कुठे दोरा सुटलाय, कुठे घडी दुहेरी झालीय, हे तिला डोळ्यांच्या आधी बोटांनी सांगितलेलं असायचं. काडीमागून काडी जाऊ लागली. गाठ, खाली सुरी, खालची पानं बाजूला, बाटलीत. एक लांब, एक बुटकी, एक वाकडी. रांग अशी भयंकर दिसत होती, की एरवी तिला जेवण गेलं नसतं.

त्याच वेळी चिमी जिना चढून आली होती. दार उघडंच होतं. दुकानाच्या पाटीचा रंग दाखवायला ती आली होती, पण दारातच थबकली. आत आत्या डोळे मिटून, ओठ हलवत, सुरी चालवत होती. मशीनवरच्या चादरीवर धूळ होती. खुंटीला टेप होती. टेप आणि खुंटीला! टेबलाच्या कडेला सुई-दोऱ्याची डबी उघडी होती, आणि तिच्यात एकही सुई ओवलेली नव्हती.  मग ती पोर पाऊल न वाजवता उतरली आणि खालून मुद्दाम मोठ्याने "आत्याऽऽ" करत पुन्हा वर आली. आत्याने डोळे उघडले, चष्मा सावरला आणि म्हणाली, "ये, ये. मी म्हटलं होतं ना, सोपं असतं!"

आठव्या दिवशी आत्या पाणी बदलत होती. एका काडीच्या टोकाला बोटाला काहीतरी लागलं. केसापेक्षा जाड, दोऱ्यापेक्षा बारीक. तिने दुसरी काडी चाचपली, तिसरी चाचपली. मुळं होती, पांढरी, ओली, खरीखुरी! आत्याच्या तोंडून अशी आरोळी निघाली, की शेजारीण पुन्हा नाकाला पदर लावूनच धावत आली. मग बेझिललाही मुळं फुटली. शेजारणीने टाकून दिलेल्या कुंडीतली माती चाळली गेली, दह्याच्या रिकाम्या डब्यांना खाली तापल्या खिळ्याने भोकं पाडली गेली, आणि एकेक रोप मातीत गेलं. दोन रोपं माना टाकून बसली, त्यांची जागा दुसऱ्या दोघांनी घेतली. खर्च झाला तो दोन वेळच्या जुड्यांचा, आणि एका खिळ्याचा.

दुकान उघडलं त्या दिवशी आठ टेबलांवर आठ डबे होते. कुठलं रोप उंच, कुठलं ठेंगणं, एक तर सरळ खिडकीकडे झुकलेलं. पहिलंच गिऱ्हाईक, एक जाडा पोस्टमन, त्याने पुदिन्याचं पान खुडलं, सूपात टाकलं, चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. मग त्याने हळूच आणखी तीन पानं खुडली. कोपऱ्यातून आत्या ओरडली, "अहो, उद्याच्यालाही ठेवा!" सगळं दुकान हसलं. आत्याचा जीव भांड्यात पडला. शब्द राहिला होता, आणि कुणाला काही कळलंही नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरली, तेव्हा चिमी तिच्यासमोर येऊन बसली. तिने पोटावर एक जुना टॉवेल बांधला होता.

"आत्या, हे तुझ्यासाठी." तिने एक पुडकं पुढे सरकवलं.

आत कापड होतं. चार एप्रनचं, नुसतं घडी घातलेलं. आणि त्यावर एक टाचण्यांची उशी. आत्याने हात फिरवला. उशीत सुया होत्या, ओळीने टोचलेल्या. बोट पुढे सरकलं आणि थांबलं. प्रत्येक सुईच्या नेढ्यात दोरा होता. हातभर लांब, टोकाला गाठ मारलेला. तिने मोजल्या. तीस सुया, आणि तिसांच्या तिसांत दोरा.

"रात्री पाव फुगायची वाट बघत बसले होते, तेव्हा ओवल्या," चिमी म्हणाली. "हाताने शिव. मशीनची घाई नाही, त्या मेकॅनिकला सासऱ्याकडे राहू दे."

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तू पुदिना डोळे मिटून कापत होतीस त्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तू बोललीस?"

 आत्याने उशी मांडीवर घेतली. एकेका गाठीवरून बोट फिरवलं. काही गाठी मोठ्या होत्या, काही इवल्या, एक तर दुहेरी बसली होती. पोरीला गाठ कधी नीट मारता आली नव्हती, लहानपणीसुद्धा.

"शिवण वाकडी आली तर?" तिने हळूच विचारलं.

"मग वाकडा एप्रन घालीन. तुझी रोपं तरी कुठे एका मापाची आहेत?"

आत्या हसली, आणि हसता हसता तिने चष्मा काढून पदराला पुसला, जरी त्याने काही फरक पडणार नव्हता.

"तीस सुया किती दिवस पुरतील गं?"

"मी डॉक्टरांना विचारलंय. सोमवारी तपासणी, मग पुढची तारीख. मी बरोबर येणारे. तोपर्यंत पुरतील."

आत्याने टेबलावरच्या रोपाचं एक पान खुडलं, चुरगाळलं, नाकाशी धरलं. हातापायांना घाम फुटलाच होता, पण वास छान येत होता. मग तिने उशीतली पहिली सुई उपसली, कापडाची कड बोटांनी शोधली आणि म्हणाली, "सोमवारी किती वाजता?"