सुशचा राग

दुपारची कॉफी संपेपर्यंत युस्टिना डूकचा जीव मेटाकुटीला आलेला असे. वृद्धाश्रमातली कॉफी पाणचट, खोली भट्टीसारखी तापलेली, बाहेर कॅनडातल्या मॅनिटोबाची हाडं गोठवणारी थंडी, आणि आई एकच प्रश्न धरून बसलेली.

"सापडली का गं सुश?"

"नाही."

"नीट बघितलंस का? की नुसता तो डबा उघडून बसतेस?"

"माझे डोळे फुटायची वेळ आली, आई. आणखी किती नीट बघू?"

तो डबा म्हणजे युस्टिनाचा लॅपटॉप. त्यात मेनोनाइट या त्यांच्या ख्रिस्ती पंथाची सगळी वंशावळ आहे. प्रशियातून रशियात, रशियातून इथे आणि इथून आणखी कुठे कुठे गेलेला प्रत्येक माणूस त्यात नोंदलेला, प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला. ऐकायला सोपं वाटतं. पण या लोकांत नावं मोजकी आणि आडनावं त्याहून मोजकी. सुशचं खरं नाव सुझाना हीबर्ट; ते टाकलं की सुझाना हीबर्टांची रांगच्या रांग पुढे उभी राहते. त्यातून जिवंत माणसाचं नाव तिथे दाखवत नाहीत. नावाच्या जागी नुसतं 'हयात' असतं. मेल्याशिवाय माणूस तिथे उजेडात येत नाही.

"ती मेली असली तर असू दे," आई म्हणाली. "आता या वयात कोण राहतंय? पण माझ्यावर डूख धरून मेली का, तेवढं मला कळू दे. तोवर मला मरायला व्हायचं नाही."

"जन्म, लग्न, मरण एवढंच असतं त्यात. कोण कुणावर रागावलं होतं ते कुणी लिहीत नाही."

आईने पाव कॉफीत बुडवला आणि तो विरघळून कपात पडला. युस्टिनाने चमच्याने तो काढून दिला.

सुश ही आईची धाकटी बहीण. दुसरं महायुद्ध संपल्यावर इथल्या रीतीभातींना कंटाळलेली जुन्या वळणाची कुटुंबं पॅराग्वेच्या जंगलात नवी वसाहत करायला निघाली, त्यात युस्टिनाचे आजोबा होते. आजी तोवर पूर्ण आंधळी झाली होती. तिचं सगळं करायला एका मुलीने सोबत जाणं भागच होतं, आणि थोरली म्हणून ते आगाथाचं, म्हणजे आईचं काम होतं. आईने काय केलं? घाईघाईने चर्चमध्ये नावं पुकारून घेतली आणि इझाक डूकशी लग्न लावून मोकळी झाली. लग्न झालेल्या मुलीला कोण नेणार? मग सतरा वर्षांच्या सुशला जावं लागलं. स्टेशनात गाडी सुटताना आईने हात पुढे केला तो सुशने घेतला नाही. पुढे आजोबांची पत्रं आली, आजी गेल्याचं कळलं. सुशने एक ओळ लिहिली नाही.

युस्टिनाने लग्न केलंच नाही. भाऊ तिघे. त्यांना शेती आहे, नातवंडं आहेत. "तुला काय, मागे ना पुढे," असं थोरला भाऊ हसत हसत म्हणायचा, आणि आईची आंघोळ, आईची औषधं, आईचे दात, सगळं युस्टिनाच्या गळ्यात पडायचं. आईने जे शिताफीने टाळलं ते आपण आयुष्यभर निस्तरतोय, हे ती कुणाला बोलली नव्हती. पण मनात यायचंच. यायचं आणि मग लाजही वाटायची.

त्या दिवशी ती वैतागून बोलून गेली, "हे बघ, आई, तुझ्या वडिलांची, अब्राम हीबर्टची म्हणून एकच सुझाना आहे तिथे. आणि ती दोन वर्षांची असताना गोवराने मेली. म्हणजे तुला बहीण नव्हतीच म्हणायची!"

आई तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसायलाच लागली. दात सैल झाले म्हणून तोंडावर हात धरला तरी हसू थांबेना.

"अगं वेडे, ती पहिली! पहिली सुझाना गेली, मग पुढच्या वर्षी आमची झाली. तिलाच ते नाव दिलं. मूल गेलं म्हणून काय नाव टाकून द्यायचं? पुढच्याला द्यायचं. आमच्यात असंच करायचे."

"मला कधी सांगितलं नाहीस ते?"

"तुमच्यात कुणी मेलंच नाही. सांगायचं कुठून?"

युस्टिनाने कपाळाला हात लावला. सगळा हिवाळा त्यात गेला होता. तिने तिथूनच संग्रहालयात फोन लावला. नोंदी सांभाळणारे वीलर, निवृत्त मास्तर, पलीकडून ओरडूनच बोलायचे.

"तुमच्याकडे चूक आहे," ती म्हणाली.

"चुका नसत्या तर मला इथे कोण बसू देतं? दिवसभर बायकोसमोर बसायची पाळी आली असती! कोण बोलतंय?"

"युस्टिना डूक."

"कुठली डूक? गिरणीवाल्यांची, की लंगड्या इझाकची?"

"लंगड्या इझाकची."

"मग आपलं नातं लागतंय. थांब हं, माझी पणजी आणि तुझ्या वडिलांची..."

"नातं नंतर लावा, वीलरदादा. आधी माझी मावशी जिवंत करा."

तिने सगळं सांगितलं. वीलरांनी जीभ चावलेली फोनवरसुद्धा कळली. आई-बाप तेच, नाव तेच; मागे कुणीतरी एकच मुलगी दोनदा नोंदली गेली असं समजून दोघींना एक करून टाकलं होतं. पॅराग्वेतल्या नोंदींत एका फ्रोझेची बायको सुझाना हीबर्ट अशी एक बाई होती. तिला आई-बापच सापडत नव्हते, म्हणून ती अधांतरी पडून होती.

"जन्मतारीख जुळतेय," वीलर म्हणाले. "आता जोडतो. उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी युस्टिना कोटही न काढता आईच्या पलंगावर बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. सुझाना फ्रोझे, माहेरची हीबर्ट. मृत्यूची तारीख होती. जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"गेली, आई."

आईने मान हलवली. "मुलं?"

"आहेत. वाचते." युस्टिनाने चष्मा पुसला. "पहिली मुलगी. आगाथा."

आई एकदम ताठ बसली.

"पहिल्याच वर्षी गेली ती. त्यानंतरची..." युस्टिनाने पुढची ओळ पुन्हा वाचली. "ही पण आगाथा. दीड वर्षाची होऊन गेली."

"पुढे?"

"पुढची मुलगीच आहे. पण तिचं नाव नाही दाखवत. हयात आहे."

"त्यात न दाखवण्यासारखं काय आहे?" आई म्हणाली. "आगाथाच."

आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तिकडे जंगलात, आंधळ्या आईला सांभाळत, एकामागून एक लेकी पुरत, सुशने ते नाव सोडलं नव्हतं. युस्टिनाला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी इतक्या वर्षांचा सगळा थकवा एकदम अंगावर आला.

"मी तिच्या जागी असते," ती म्हणाली, "तर तुझं नाव एकदाही ठेवलं नसतं."

आईने तिच्याकडे बघितलं, रागाने नाही.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "तुझं बरोबरच आहे." मग तिने हात पुढे केला, बोटं वाकडी झालेला, कॉफीचा वास येणारा, आणि तो तसाच धरून ठेवला.

युस्टिनाने त्या हाताकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग लॅपटॉप बाजूला सारून तिने तो घेतला.