तौनोचा डावा हातमोजा

आमच्या बेटावर मासे ज्याला ओळखत असत असा एकच मासेमार होऊन गेला, तौनो राउतिओ. होडीच्या काठावरून त्याने नुसती बोटं पाण्यात बुडवली की साल्मनच्या झुंडीच्या झुंडी माघारी फिरत. त्यातले काही तर इतके घाबरले की थेट जपानच्या किनाऱ्याला जाऊन लागले, असं लोक सांगत. म्हणजे मीच सांगत असे.

शेवटी त्याला कोणी होडीत घेईना. मग तौनो सॉनासाठी, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडू लागला. आम्ही फिनलंडहून कॅनडात आलेली माणसं; मासा नसला तरी चालेल, पण शनिवारचा सॉना चुकवणार नाही. बायकोने, लेम्पीने, त्याला त्या कामासाठी करड्या लोकरीचे हातमोजे विणून दिले. तो गेला तेव्हा मोजे चुलीमागच्या खिळ्यावर होते. लेम्पीने ते न धुता कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवले आणि वर झाकण घट्ट बसवलं. या गोष्टीला बरेच हिवाळे लोटले.

पुढे एका शरदात मत्स्यसंशोधन केंद्रातून डोरीन नावाची पोरगी आली. लेम्पीच्या घराखालून ओढा वाहतो. जुन्या बंधाऱ्यापाशी माशांना चढून जायला लाकडी पायऱ्या केल्या आहेत. पोरगी वरच्या अंगाला ओढ्यात काहीतरी टाकायची आणि खाली येऊन मासे न्याहाळत बसायची. लेम्पीने तिला कॉफीला बोलावलं. मी तिथे होतोच. कॉफी असेल तिथे मी असतोच.

"काय टाकतेस गं पाण्यात? साखर?" लेम्पीने विचारलं.

"सेरीन, आजी. एक अमिनो आम्ल. प्रयोगशाळेतलं, एकदम शुद्ध." पोरीने बाटली पुढे केली. आत पांढरी भुकटी. "हे साधं आहे, चाखलं तरी चालेल."

लेम्पीने बोट लावून चाखलं. "गोड व्हायचं विसरलेली साखर."

"मलाही दे," मी म्हणालो.

"तू राहू दे, ओइवा. तुझ्या जिभेवर आधीच काय कमी आहे?"

डोरीन हसली. वेलदोड्याचा पाव तोडत सांगू लागली, "हे पहिल्यांदा रेशमात सापडलं. आपलं शरीर ते स्वतःच तयार करतं. पेशींची आवरणं घडवायला लागतं, मेंदूत तर फारच. आणि कातडीवर असतं, तुमच्या-माझ्या हातावर, अस्वलाच्या पंजावर. ओढा चढणाऱ्या माशाला याचा जरासा वास आला तरी तो जागच्या जागी थांबतो. त्याला वाटतं, वर कोणीतरी पंजा घालून उभं आहे."

लेम्पीने कप खाली ठेवला. "म्हणजे आमच्या तौनोचे हात…"

"काहींच्या हातावर जास्त असतं, आजी."

"बघ!" मी म्हणालो. "जपानपर्यंत म्हणत होतो मी!"

"पण यात एक गंमत आहे," पोरगी म्हणाली. "याची दोन रूपं असतात, आरशातल्यासारखी उलटसुलट. मासे एकालाच घाबरतात, दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. दाखवते. हातमोजे आहेत का घरात?"

लेम्पीचे स्वतःचे मोजे दारामागे लटकत होते. तरी का कोण जाणे, ती आत गेली आणि तो डबा घेऊन आली.

"हे बघा, डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला…" म्हणत डोरीन मोज्यात हात घालू लागली.

"हात काढ!"

लेम्पीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पोरीने मोजा विस्तवासारखा टाकला.

"त्यात तो आहे अजून," लेम्पी हळूच म्हणाली. मोजा उचलून तिने मांडीवर ठेवला. मग तिने विचारलं, "पोरी, मासे ओळखतील का गं त्याला? इतक्या वर्षांनी?"

"सांगता येत नाही. आणि आजी, पाण्यात बुडवला तर उरलंसुरलं तेही धुऊन जाईल."

"ते नको सांगूस. जन्मभर धुणीच धुतली मी."

तिने आणखी एक कप कॉफी घेतली. खडीसाखर दातांत धरून, खिडकीतून खाली बघत. खाली ते मासे पायऱ्या चढत होते. सगळा समुद्र ओलांडून, अंड्यातून निघाले त्या ओढ्याच्या वासावर आलेले. किती वर्षं झाली, असं त्यांना कोणी विचारत नाही.

"दोन आहेत," लेम्पी उठत म्हणाली. "एकावर बघू."

ती ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली आणि डावा मोजा दोन्ही हातांनी पाण्यात धरू लागली.

"नुसत्या हातांनी नको, आजी! काठीला अडकवा," डोरीन ओरडली. लेम्पीने तसं केलं.

आणि मासे थांबले. बाटलीतल्या भुकटीने ते घटकाभर थांबत. या वेळी असे थांबले की टपून बसलेले समुद्रपक्षी कंटाळून उडून गेले, एका माशावर शेवाळ धरू लागलं, आणि माझा पाइप दोनदा विझला. डोरीन म्हणते, इतका वेळ नव्हता. तिच्याकडे घड्याळ होतं, माझ्याकडे डोळे होते.

लेम्पीने काठी तशीच धरून ठेवली होती.

"आजी," डोरीन अडखळत म्हणाली, "खोटं नाही सांगवत. तुम्ही डबा उघडून मोजे हातात घेत असाल ना? मग तुमच्या हातांचंही त्यात असणार. कदाचित तुमचंच."

"घेते. रोज संध्याकाळी." तिने नाक पुसलं. "म्हणजे दोघांना घाबरले म्हण की."

"तसंच म्हणायचं."

"या बेटावरची माणसंही आम्हा दोघांना एकदमच घाबरायची."

तेवढ्यात खालची एक मोठी मादी उसळली आणि वरच्या पायरीत पडली. मागोमाग दुसरी. पाणी पुन्हा माशांचं झालं. लेम्पीने मोजा पिळला, नाकाशी नेला. त्याला आता ओढ्याचा वास होता.

घरी आल्यावर तो तिने चुलीमागच्या खिळ्यावर वाळत टाकला. दुसरा मोजा डब्यात ठेवायला घेतला, आणि ठेवला नाही. शनिवार होता, लाकडं फोडायची राहिली होती.

तिने उजवा हात त्यात घातला. बोटं पार शेवटपर्यंत सारून पाहिली.

"केवढी जागा राहते गं आत," ती डोरीनला म्हणाली, आणि कुऱ्हाड आणायला गेली.