नको असेल तर हात वर

दादाच्या सहलीत हौस कमी आणि हुकूम जास्त. सकाळी डोंगर, दुपारी पाणमांजरं, संध्याकाळी समुद्र. एका दिवसात सगळं उरकायचं आणि वर म्हणायचं, "काय मजा आली!"

त्याची धाकटी बहीण चाळिशी उलटली तरी घरात छोटीच होती. छोटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. मालक दुसऱ्या गावात नवं दुकान काढत होते आणि ते छोटीने सांभाळावं असं त्यांचं म्हणणं होतं. उद्या सकाळी त्यांना उत्तर हवं होतं. हो म्हणायचं तर तिच्याजवळ राहणाऱ्या आईला दादाकडे ठेवायला हवं होतं, आणि हे दादाला आजच सांगायला हवं होतं. सांगायचं एवढंच होतं, पण सकाळपासून जीभ टाळ्याला चिकटली होती.

डोंगरावर पायवाट अरुंद. पुढे दादा, मागे त्याची दोन पोरं, मग वहिनी, आणि सगळ्यात शेवटी आईचं कोपर धरून छोटी. आईची पिशवी, पाण्याची बाटली, औषधं, सगळं तिच्याच खांद्यावर. दादा वळणावर थांबून ओरडायचा, "चला, चला, मागे पडू नका!" आणि या दोघी पोहोचेपर्यंत पुढे गेलेला असायचा. माथ्यावर तिने कसंबसं त्याला गाठलं. "दादा, जरा बोलायचं होतं." तो म्हणाला, "खाली बोलू, नाहीतर पाणमांजरं चुकतील." जणू पाणमांजरं यांच्यासाठी वेळ राखून बसली होती.

त्या घराचा एक नियम होता, वडिलांनी घालून दिलेला. मोठं काही ठरवायचं ते सहलीत, सगळे एकत्र असताना. एकाने सुचवायचं, ज्याला नको असेल त्याने हात वर करायचा. हात दिसला नाही की ठरलं, आणि ठरलेलं मोडायचं नाही. वडील गेले, नियम मात्र ठणठणीत राहिला.

तळ्याकाठी लाकडी खोली होती, भिंतीला बघण्यापुरत्या फटी. वनरक्षकाने दारातच बजावलं, "आवाज नको, हात हलवायचा नाही. एकदा बिथरली की दिवसभर दिसायची नाहीत." आत अंधार, दाटी, घामाचा वास. पाणमांजरीण पिल्लांना घेऊन काठावर आली तेव्हा पोरांनी श्वास रोखून धरला. आणि नेमका तेव्हाच दादा कुजबुजला, "आई छोटीकडेच राहील, नेहमीसारखी. नको असेल तर हात वर."

छोटीचा हात मांडीवरून उचलला गेला. वनरक्षकाने डोळे वटारले. धाकट्या भाचीचं तोंड आनंदाने उघडं राहिलेलं तिला दिसलं, आणि हात जिथल्या तिथे थिजला. तेवढ्यात शेजारून आईचा हात वर यायला लागला. म्हातारीला पिल्लांना टाटा करायची हौस आली असणार, असं वाटून छोटीने तो हळूच धरून खाली केला.

"ठरलं तर," दादा पुटपुटला.

 छोटीला राग आला, दादाचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. पाणमांजरीण पिल्लांसकट पाण्यात सरकली, आणि ही मात्र बाकावरून हलू शकली नाही.

समुद्रावर पोरांनी दादाला आडवं करून मानेपर्यंत वाळूत पुरलं आणि ती वहिनीला ओढत लाटांकडे पळाली. छोटी आईला धरून सावलीत बसली.

"मघाशी माझा हात का दाबलास गं?" आई म्हणाली.

"पाणमांजरं पळाली असती."

"पळाली असती तर पळाली असती. मी नको म्हणत होते."

छोटी तिच्याकडे वळली. "माझ्याकडे नको?"

"तुझ्या मालकांनी मला सगळं सांगितलंय, माझा चष्मा द्यायला घरी आले होते तेव्हा. तू कधी बोलतेस याची वाट बघून डोळे शिणले माझे. आणि तू सकाळपासून माझं कोपर काही सोडत नाहीस. सोड ते. जा त्याच्याकडे."

दादाचं नुसतं डोकं वाळूबाहेर होतं. छोटी त्याच्याशेजारी बसली. आता 'चला, चला' म्हणायची त्याची सोय नव्हती.

"दादा, आई माझ्याकडे राहणार नाही. मी दुसऱ्या गावी जातेय, नव्या दुकानावर."

"अगं, ठरलंय ना ते? तेव्हा हात का नाही वर केलास?"

"तिथे हात वर करता येणार नाही, हे तुला माहीत होतं."

दादाने मान समुद्राकडे वळवली. तो म्हणाला, "होतं. माथ्यावर बोलायचं म्हणालीस तेव्हाच कळलं मला, म्हणूनच तिथे विचारलं." त्याचा आवाज चिरकला. "मला भीती वाटते गं. ती माझ्याकडे असताना पडली, तिला काही झालं, तर? मला नाही जमणार. तुला जमतं."

जमतं! या एका शब्दात तिची इतकी वर्षं कोंडली गेली होती. ज्याला जमतं त्याला हवंय का, हे कोण विचारतो?

दादाच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, आणि बिचाऱ्याला ते पुसताही येईना. छोटीने ओढणीने पुसलं. "असू दे, बघू काहीतरी," हे शब्द सवयीने थेट ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले.

"मला तरी पहिल्या दिवशी कुठे जमत होतं?" ती म्हणाली. "उद्या मी मालकांना हो सांगतेय."

"आधी मला बाहेर तर काढ."

ती वाळू उपसू लागली. छाती, पाय नंतर बघता येतील. तिने आधी त्याचे हात मोकळे केले. आईला धरून गाडीपर्यंत न्यायला ते लागणार होते.