अनावश्यक तपशील

सर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांच्यातला परीक्षक काही निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता. चौतीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत एकच धडा पोरांकडून घोटून घेतला होता. कथेचे मूलघटक सहा: कथानक, पात्रं, संघर्ष, वातावरण, निवेदन, आशय. दहा गुणांच्या प्रश्नात कथानकाला तीन, संघर्षाला तीन आणि बाकीच्यांना एकेक. त्यातही वातावरणाचा एक गुण ते सहसा हातातून सुटू देत नसत. ‘खोलीत टेबल होतं, टेबलावर घड्याळ होतं, हे लिहायला काय अक्कल लागते?’ असं त्यांचं म्हणणं. मग लाल पेनाने ओळ खोडून समासात लिहायचे, ‘अनावश्यक तपशील’.

अशा माणसाचा संसार कुणाशी व्हावा? तर काकूंशी. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. दूध उतू गेलं एवढंच सांगायचं असलं तरी काकू शेजारणीच्या नणंदेच्या मोतीबिंदूपासून सुरुवात करत. मुद्दा लांबून दिसू लागला की श्रोत्याला जरा बरं वाटायचं, पण काकू त्याला वळसा घालून सरळ पुढे निघून जात. “मुद्द्यावर ये,” हे वाक्य सरांनी छत्तीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. काकूंवर त्याचा परिणाम शून्य. त्या “येतेच आहे” म्हणत आणि मोतीबिंदू कुठल्या डोळ्याला होता ते सांगायला लागत.

अशा काकूंना चक्कर येऊ लागली. आधी नुसतं डोकं दुखायचं, मग मळमळायला लागलं आणि एके दिवशी त्या दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसल्या. सर घाबरले. खरंच घाबरले. डॉक्टरांचा नंबर लावायला गेले, तर पहिला फोन गॅसच्या दुकानात लागला. पण भीती वाटली की माणूस आपल्याला येतं तेच करतो. सरांनी कागद घेतला आणि मुद्दे काढले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यांनी काकूंना बजावलं, “तू बोलू नकोस. तू बोललीस तर त्यांची दवाखाना बंद करायची वेळ होईल. मी सांगतो.”

आणि त्यांनी सांगितलं. काय सांगितलं! एकुलती एक लेक दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. घर खायला उठलं. आई आतून खचली आणि मनाचं दुखणं शरीरावर आलं. सुरुवात, मध्य, शेवट. कारण आणि परिणाम जागच्या जागी. एक शब्द जास्त नाही. डॉक्टरबाईंचे डोळे पाणावले. त्यांची स्वतःची लेकही बाहेरगावी होती.

“पण मी खचले कुठे?” काकू पुटपुटल्या. “उलट तिच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन—”

“अगं, ते अनावश्यक आहे,” सर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मन शांत ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी काकू दुपारच्या झोपू लागल्या आणि बोलायच्या कमी झाल्या. घरात शांतता पसरली. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या आपल्या मार्गदर्शिकेच्या दुसऱ्या आवृत्तीवर काम करत बसलेल्या सरांना ती शांतता आवडली, हे त्यांनी कबूल केलं नसतं, पण आवडली. चक्कर मात्र थांबली नाही. दोन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, काकू बाथरूममधून बाहेर आल्या आणि पॅसेजमध्ये आडव्या झाल्या. कपाळ फुटलं. तीन टाके.

टाके घालून झाल्यावर सरांनी खिशातून नवा कागद काढला. डॉक्टरबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“पण हकिगत—”

“तुमची ऐकली मागच्या वेळी. आता त्यांची ऐकते.”

सर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मधे प्लायवूडची भिंत होती, तीही छतापर्यंत न पोचलेली, त्यामुळे आतलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं.

“काकू, अगदी पहिल्यापासून सांगा,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

सरांनी कपाळाला हात लावला. हे वाक्य काकूंना आजवर कुणी म्हटलं नव्हतं आणि त्याला तसंच कारण होतं.

“त्याचं असं झालं,” काकूंचा आवाज एकदम खुलला, “की आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. म्हणजे मशीन चांगलं आहे हो, त्याची नळी उंदराने कुरतडली. उंदीरही कसला, मुठीएवढा. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतोय, त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालंय म्हणे...”

बाहेर सर मनातल्या मनात खोडत होते. उंदीर, गेला. मेव्हणा, गेला.

“...म्हणून मग धुणं हाताने. गार पाण्याने माझी बोटं आखडतात, म्हणून गीझर चालू ठेवायचा. आणि दार लावून घ्यायचं, कारण ब्रशचा आवाज यांना सहन होत नाही. हे लिहीत असतात ना.”

“काय लिहितात?”

“गोष्ट कशी सांगायची, ते.”

डॉक्टरबाईंना जरा खोकला आला. मग त्यांनी विचारलं, “चक्कर रोज येते?”

“छे! मंगळवारी मी ठणठणीत असते. मंगळवारी माझ्या बहिणीचा फोन असतो, तास-तासभर बोलते मी, कधी काही होत नाही. म्हणून तर ती म्हणते, तू नाटकं करतेस. लहानपणापासून तिला माझं काही खरंच वाटत नाही. एकदा तर—”

“मग चक्कर कधी येते, काकू?”

“सोमवारी, गुरुवारी, शनिवारी.”

“आणि धुणं?”

“सोमवारी, गुरुवारी, शनिवारी,” काकू म्हणाल्या आणि बहुधा जन्मात पहिल्यांदा स्वतःचंच बोलणं ऐकून थांबल्या.

बाहेर सरांचं खोडणंही थांबलं.

“गीझर विजेचा की गॅसचा?”

“गॅसचा. आमच्या सासूबाईंच्या वेळचा. त्याचीपण एक गंमत आहे, पण ती लांबलचक आहे.”

“ती नंतर नक्की ऐकते. बाथरूमला खिडकी आहे?”

“आहे की. वरच्या बाजूला, छोटी. पण ती बंद केलीय. पलीकडच्या घरात रेडिओ लागतो, त्याचा यांना त्रास व्हायचा. लेक गेली ना, त्याच रविवारी यांनी स्टुलावर चढून तिथे पुठ्ठा ठोकला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. लेक असती तर तिने करू दिलं नसतं. पण काम मात्र झकास केलंय हो! एरवी यांना साधा खिळा ठोकता येत नाही.”

त्या कौतुकाने सरांना बाकावर बसवेना. ते उठून उभे राहिले. तेवढ्यात आतून हाक आली.

“सर, घरी गेल्या गेल्या तो पुठ्ठा काढा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाणी प्यायच्या आधी. आणि माणूस येऊन बघून जाईपर्यंत गीझर लावायचा नाही. बंद खोलीत गॅस जळला की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणसाला कळतसुद्धा नाही. तुमची अंघोळ पाच मिनिटांत होत असेल. या तासभर आत असतात. मीही मागच्या वेळी हे विचारायला हवं होतं. तुमची गोष्ट इतकी नीट होती की मला काही विचारावंसंच वाटलं नाही.”

“आणि हे असंच चालू राहिलं असतं तर?” सरांनी विचारलं.

“तर पुढची हकिगतही तुम्हीच सांगितली असती. मधे बोलायला कुणी नसतं.”

घरी आल्यावर सर स्टुलावर चढले. चिकटपट्टी निघता निघेना. आयुष्यात एकच काम पक्कं केलं होतं, तेही हे. पुठ्ठा त्याच खोक्याचा होता, ज्यातून पहिल्या आवृत्तीच्या न खपलेल्या प्रती परत आल्या होत्या. तो निघाला आणि पलीकडचा रेडिओ धो धो आत आला. सर पुठ्ठा हातात धरून स्टुलावर तसेच उभे राहिले. त्यांची गोष्ट काही अगदी चुकीची नव्हती. लेक गेली होती, घर सुनं झालं होतं, आई पडली होती. फक्त खिडकी बंद करणारं पात्र त्यांनी गाळलं होतं, कारण ते पात्रच गोष्ट सांगत होतं. त्यांना शरम वाटली, इतकी की खाली उतरून काकूंना तोंड दाखवायला त्यांना बराच वेळ लागला.

मंगळवारी बहिणीचा फोन आला. काकू कपाळाच्या पट्टीसकट खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि उंदरापासून सुरू झाल्या. सर टेबलाशी होते. समोर दुसऱ्या आवृत्तीचे कागद होते, पेनाला टोपण होतं. ते ऐकत होते. उंदराला सात मिनिटं मिळाली. मेव्हण्याचं लग्न झालं, कंपाउंडरचं सर्दी-पडसं झालं, टाके घालताना सुई कशी दिसली तेही झालं. आणि मग बाथरूम आलं.

“...आणि खिडकी बंद होती गं,” काकू म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

सर बघतच राहिले. स्टूल नाही, पुठ्ठा नाही, चिकटपट्टी नाही. जिने आयुष्यात काही म्हणून गाळलं नव्हतं, तिने एवढंच गाळलं होतं.

बहीणही काकूंचीच बहीण. तिचा आवाज टेबलापर्यंत पोचला. “बंद कशी? कुणी केली बंद?”

“कुणास ठाऊक. जुनी घरं ही.”

सर उठून खुर्चीपाशी आले. “मी केली,” ते म्हणाले. “सांग तिला. स्टुलावर चढून, पुठ्ठा लावून, मी बंद केली.”

काकूंनी फोनवर हात दाबला. “गप्प बसा हो! तिला कशाला? जन्मभर तुम्हाला ऐकवत बसेल ती.”

“ऐकवू दे.”

“मला नाही चालायचं,” काकू म्हणाल्या, आणि हात काढून पुन्हा फोनवर बोलू लागल्या. सर तिथेच उभे राहिले. काकू आता डॉक्टरबाईंच्या कानातल्यांवर आल्या होत्या.