उजव्या खांबापाशी

मिस्त्रींना परत उजव्या खांबापाशी उभं राहायचं होतं. बाकी काही नको होतं त्यांना. आता कुणी म्हणेल, एका लोखंडी खांबापाशी उभं राहण्यात एवढं काय सोनं लागलंय? तर ज्यानं सव्वीस वर्षं गाडीखाली काढली आहेत, त्याला हे विचारू नये.

गॅरेज दोघांचं. मिस्त्री आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. या मेहुण्याला सगळे बारक्या म्हणत. पंचेचाळिशी उलटली, पोट त्याच्या आधी गॅरेजात शिरू लागलं, तरी बारक्याच. लिफ्ट बसवली त्या दिवशीच दोघांनी एक नियम केला. लिफ्टला दोन खांब. गाडी वर गेली की दोन्ही खांबांत एकेक लॉक पडतं, खट्ट असा आवाज होतो. ते लॉक असतं खांबाच्या पोटात, पत्र्याच्या झाकणामागे. चार स्क्रू काढल्याशिवाय दिसायचं नाही, आणि दर गाडीला झाकण कोण उघडत बसणार? म्हणून भरवसा कानांवर. बारक्या डाव्या खांबापाशी, बटणावर, मिस्त्री उजव्या. ज्यानं त्यानं आपल्या खांबाचा आवाज ऐकायचा आणि ओरडायचं, "बसलं!" दोन्हीकडून हाक आली की गाडी किंचित खाली घेऊन लॉकवर टेकवायची, आणि मगच तिच्याखाली शिरायचं. एक हाक कमी पडली, तर गिऱ्हाईक कितीही कावलं तरी खाली कुणी जायचं नाही.

घोळ झाला तो कानांचा. इतकी वर्षं हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याचा खडखडाट झेलला, पण कापसाचा बोळा म्हणून कधी घातला नाही मिस्त्रींनी. 'आपल्याला काही होत नाही' म्हणणाऱ्यांतले ते. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की बारक्याची हाक येते पण आपलं खट्ट काही येत नाही. तेव्हा सांगून मोकळं व्हावं की नाही? नाही. बारक्या ओरडला की पाठोपाठ हेही ओरडायला लागले. दोन्ही लॉक एकदमच तर पडतात! आठ महिने हे बिनबोभाट खपलं.

मग एकदा उजव्या लॉकची तार अडकली आणि लॉक पडलंच नाही. मिस्त्री नेहमीसारखे म्हणाले, "बसलं!" बारक्यानं गाडी टेकवायला घेतली आणि उजवी बाजू चार बोटं जास्तच खाली गेली. गाडी तिरकी झाली. बारक्याचा हात जागच्या जागी थांबला म्हणून निभावलं. नाहीतर ती घसरून मिस्त्रींच्याच अंगावर यायची.

बारक्या चिडला नाही. गाडी सावकाश उतरवून तो मिस्त्रींच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, चहा घेणार?" मिस्त्री वळले नाहीत. आणखी काय पुरावा हवा होता?

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री बाकड्यावर, ब्रेकचे पार्ट पुसत. हाक ऐकू न येणाऱ्याला गाडीखाली तरी कोण जाऊ देणार? लिफ्टवर गाडी चढली की शेजारच्या दुकानातला टायरवाला यायचा आणि उजव्या खांबापाशी उभा राहायचा. माणूस सरळ होता बिचारा, पण मिस्त्रींना त्याचं तोंडसुद्धा बघवत नसे. गाडी खालून बघायची सवय होती त्यांना. न बघता हात वर केला की पाना नेमका नटावर बसायचा, इंजिनाची ऊब कपाळाला लागायची. आता सगळ्या गाड्या वरून दिसायच्या, गिऱ्हाइकाला दिसतात तशा. बसल्या जागी जीव तुटायचा त्यांचा.

शेवटी बायकोनंच हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. यंत्र मिळालं. घरी आल्यावर ती ओट्यापाशी स्वतःशीच पुटपुटली, "त्या लिफ्टवर जेवढी माया केली, त्यातली थोडी माझ्यावर केली असती तर!"

"केली की!" मिस्त्री बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

"अगंबाई!" ती हातातलं टाकून बाहेर आली. "ऐकू येतंय तुम्हाला?" आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

सकाळी मिस्त्री ठरल्या वेळेच्या आधीच गॅरेजात हजर. "बारक्या, सगळं ऐकू येतंय रे मला. उभा राहू?"

बारक्या त्या यंत्राकडे बघत राहिला. मग टायरवाल्याला म्हणाला, "तू आज थांब जरा बाजूला."

गाडी वर जाऊ लागली. मिस्त्री उजव्या खांबापाशी उभे. कॉम्प्रेसर, लिफ्टची मोटर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं यंत्रातून एकदम कानात घुसलं. कुठला आवाज कुठला ते कळेना.

"बसलं!" बारक्या ओरडला. आणि थांबला. "भाऊजी, तुमचं?"

शब्द अगदी ओठांवर आला होता. लॉक बसलेलंच असणार. तार नवी होती, त्यांनीच तेल घातलेलं. एकदा म्हटलं की खांब पुन्हा त्यांचा. पण आज गाडीखाली शिरणार होता बारक्या.

"मला नाही आलं ऐकू," मिस्त्री म्हणाले.

बारक्या आला. चार स्क्रू काढून त्यानं झाकणाआड बॅटरी मारली. "बसलंय, भाऊजी. अगदी नीट बसलंय." मग मान खाली घालून म्हणाला, "म्हणाला असतात तरी चाललं असतं."

"आठ महिने चाललंच की रे."

बारक्या झाकण परत लावू लागला. तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच टायरवाल्याला हाक मारली. "ये, असा जवळ ये. बारक्या ओरडला म्हणून आपण ओरडायचं नाही. आपल्या खांबाचं ऐकायचं. नाही आलं, तर नाही म्हणायचं. लाज वाटली तरी म्हणायचं."

हे सांगताना त्यांचा हात खांबावर होता. टायरवाला जागेवर येऊन उभा राहिला, तरी त्यांना तो काढवेना.