दुसऱ्या फेरीचा शब्द

“वर सरकायचं की नाही, एवढंच बोला. भाषणं नकोत,” ब्रेंट म्हणाला.

ब्रेंट आमचा मॅनेजर. अमेरिकन फुटबॉलच्या टीमा पाळीपाळीने, फेरीमागून फेरी कॉलेजची पोरं निवडतात, त्या ड्राफ्टची पहिली संध्याकाळ होती आणि आमच्या टीमचा नंबर यायला अजून बराच अवकाश होता. टेक्ससचा तो नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, तोवर आमच्यासाठी कोण शिल्लक ठेवतंय? तो हवा तर पुढच्या एखाद्या टीमचा नंबर मागून घ्यायचा, आणि बदल्यात आपले द्यायचे: दुसऱ्या फेरीतला आणि पुढच्या वर्षीचा पहिला. मालकांचे जावई तर पोराच्या नावाच्या जर्सी छापायलाच निघाले होते. बाजारात तुरी, दुसरं काय.

वेंडेल मागच्या भिंतीशी बसला होता. कॉलेजांच्या मैदानांवर हिंडून खेळाडू हेरायचे, हे त्याचं काम. हेरणाऱ्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, अशी आमच्या खोलीची रीत आहे. तो न विचारता उभा राहिला.

“दुसऱ्या फेरीतला नंबर द्यायचा नाही. तो कोल्बीचा आहे.”

“कोण कोल्बी?” जावयांनी विचारलं.

“साउथ डकोटाचा आहे एक. क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत बनून उभा राहणारा,” ब्रेंट म्हणाला. “बघू त्याचं.” हे बोलताना त्याने वेंडेलकडे पाहिलं नाही.

मला सगळं ठाऊक होतं. खेळाडूंच्या नावाच्या पट्ट्या फळ्यावर लावायचं काम माझं, आणि मार्चमध्ये ब्रेंटने वेंडेलला स्पीकरवर फोन लावला तेव्हा मी फळ्यापाशीच होते.

“त्या कोल्बीला सांग, दुसऱ्या टीमांनी बोलावलं तरी जायचं नाही,” ब्रेंट म्हणत होता. “त्यांच्या डॉक्टरांना गुडघे दाखवायचे नाहीत. लपवून ठेवू त्याला. दुसऱ्या फेरीत आपला.”

“मी कुणाला शब्द देत नाही, ब्रेंट. तुला माहितेय.”

“तू नकोच देऊस. मी देतोय. तू फक्त पोचव.”

ब्रेंट हे काम शिकला वेंडेलच्या गाडीत बसून. मोटेलच्या एकाच खोलीत दोघांनी हिवाळेच्या हिवाळे काढले. ब्रेंटच्या थोरल्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी वेंडेलने हातात धरलं होतं. अशा माणसाचा शब्द कोण पारखून घेतं? वेंडेल गाडी काढून साउथ डकोटाला गेला आणि कोल्बीच्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. डार्लीन तिचं नाव, शाळेच्या खानावळीत राबणारी बाई. तिने त्याला बटाटा-खिम्याचं जेवण घातलं आणि म्हणाली, “आमंत्रणं आली आणि हा गेला नाही, तर लोक आम्हाला वेड्यात काढतील. तुम्ही नक्की घ्याल ना?”

“घेऊ,” वेंडेल म्हणाला.

परत आल्यावर हे त्याने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना लहान मुलासारखा खुशीत होता. जन्मभर त्याने फक्त दुरून पोरं पाहिली. कुणाला चांगली बातमी आधी देण्याचा योग त्याला पहिल्यांदाच आला होता.

त्या संध्याकाळी ब्रेंटने सौदा केला. दुसऱ्या फेरीचा नंबर गेला, पुढच्या वर्षीचा गेला, क्वार्टरबॅक आला. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

“ब्रेंट, त्या पोराचं काय?” वेंडेलने विचारलं.

“आत्ता नको रे, वेंडेल. बघतोयस ना.”

शुक्रवारी दुसरी फेरी गेली, तिसरीही गेली. ज्याने कुणालाच गुडघे दाखवले नाहीत त्याच्या गुडघ्यात नक्की खोट आहे, असं एव्हाना सगळीकडे झालं होतं. खोटबीट काही नव्हती. वेंडेलचा फोन वाजत राहिला आणि तो दरवेळी उचलून म्हणत राहिला, “डार्लीन, अजून फेऱ्या आहेत.” शनिवारी दुपारी शेवटचं नाव पुकारलं गेलं. कोल्बीची पट्टी माझ्या फळ्यावर होती तिथेच होती.

ब्रेंट कोंबडीच्या पंखांचा डबा घेऊन आला. “उरला की नाही?” बोटं चाटत तो म्हणाला. “आता ज्याला हवा त्याने घ्यावा. लाव फोन, फुकटात येईल. म्हणून तर तो नंबर देताना माझा जीव खालीवर झाला नाही. लपवलेला माणूस जातोय कुठे?”

खोलीत हशा पिकला.

“म्हणजे तुला मार्चमध्येच ठाऊक होतं,” वेंडेल म्हणाला.

“मार्चमध्ये कुणालाच काही ठाऊक नसतं. दोन दारं उघडी ठेवावीत, हे तूच शिकवलंस मला.”

“माणसांच्या बाबतीत नव्हतं शिकवलं.”

त्याने सगळ्यांदेखत फोन लावला. “डार्लीन, मी वेंडेल. नीट ऐका. आमच्याकडे सही करू नका. इथे त्याला सरावापुरतं धोपटून घेतील आणि ऑगस्टमध्ये घरी पाठवतील. आणखी दोघातिघांचे फोन येतील. ज्यांच्या भिंतीत डाव्या बाजूला चांगला माणूस नाही, त्यांच्याकडे जा.” पलीकडून ती काय म्हणाली ते आम्हाला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, “हो. शब्द मीच दिला होता.”

ब्रेंटच्या हातातला पंख तसाच राहिला. “घरी जा, वेंडेल,” तो म्हणाला.

“निघालोच.”

एवढ्या वर्षांची नोकरी त्याने त्या फोनपायी घालवली. मला वाटलं, निदान पोरगं तरी सुटलं. पण थोड्या वेळाने ब्रेंटने स्वतः डार्लीनला फोन केला आणि कोल्बीने आमच्याकडेच सही केली. मी त्याची पट्टी उचलून आमच्या टीमच्या रांगेत सगळ्यात खाली लावली.

मे महिन्यात डार्लीन लेकाला सोडायला आली. ब्रेंट तिची बॅग उचलून पुढे चालला होता. मी दिसताच ती थांबली.

“तो म्हातारा कुठाय?”

“गेला नोकरी सोडून.”

“बरं झालं. आधी थांबा म्हणाला आणि आम्हाला बुडवलं. मग येऊ नका म्हणाला. तेव्हाच मी लेकाला म्हटलं, हा नको म्हणतोय ना, मग तिथंच जायचं.”

“बाई, त्या दिवशी तो खरं बोलत होता,” मी म्हटलं.

“पहिल्या वेळीही मला तसंच वाटलं होतं,” ती म्हणाली आणि ब्रेंटच्या मागून गेली.

त्याच आठवड्यात वेंडेलचा फोन आला. हवापाण्याचं झालं, त्याच्या बागेतल्या टोमॅटोंचं झालं. मग म्हणाला, “मार्था, कोल्बीची आई आली होती म्हणे.”

“आली होती.”

“माझं काही काढलं का तिने?”

“काढलं ना. आल्या आल्या पहिलं तेच विचारलं, तुम्ही कुठे आहात म्हणून.”

“विचारलं ना?” तो म्हणाला. मग खुशीत पुन्हा टोमॅटोंचं सांगू लागला.