कोंबड्याचा पाय

आफ्रीनबाईंनी कोंबड्याच्या कापलेल्या पायातली पांढरी शीर ओढली, तशी त्याची बोटं गपकन मिटली. एटापल्लीकडच्या जंगलातल्या आदिवासी पाड्यावरच्या शाळेतली पोरं किंचाळलीच!

"स्नायू असाच ओढतो, म्हणून हाड हलतं," बाई रंगात येऊन म्हणाल्या. "सोमारी, काल घरी कोंबडा केला होता का गं?"

"नाई बाई, आज सकाळी कापला. तुमीच पाय आणाले सांगतलं ना! एकच होता, देवाले नवस बोललेला. बाबा म्हणे, बाईले नाई कसं म्हणाव?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आखीन एकदा ओढा ना, बाई!" सोमारी सगळ्यांत मोठ्यानं ओरडली. बाईंचा हात काही हलेना.

कालच बाजारात स्वतःसाठी चिकन घेताना त्या दुकानदारावर खेकसल्या होत्या, "पाय कशाला देतोस? फेक ते!"